आमच्या देखत

शाळा संपली, त्याच्या पुढच्या सोमवारी आमचा दादा रोजच्यासारखा सातला उठला. अंघोळ केली, गणवेशाचा निळा शर्ट चढवला, डब्याची पिशवी घेतली (आत डबा नव्हता, मी भरलाच नव्हता) आणि फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसला. शाळेची गाडी पावणेनऊला यायची. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. "काका नाही आले," असं मला आत येऊन सांगून गेला आणि पुन्हा पायरीवर. असं तीन आठवडे चाललं.

आदल्या शुक्रवारी शाळेने त्याला निरोप दिला होता. अठरा पूर्ण झाली, आता ठेवून घेता येणार नाही म्हणाले. शाल दिली, नारळ दिला, पेढे वाटले. 'नारळ देणे' याला मराठीत आणखीही एक अर्थ आहे, तो मला त्या सोमवारी नीट उमगला. "तू आता मोठा झालास हं," असं सगळ्यांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. मोठं झाल्यावर गाडी येत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्याला नाही, आणि खरं तर मलाही नाही.

दादा आज 27 वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. धाकटी बहीण त्याला दादा म्हणायला लागली आणि मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. त्या सोमवारपासूनच्या नऊ वर्षांत ज्या चुका केल्या आणि जे थोडंफार कळलं, ते आज तुमच्याशी बोलायचंय. तुमचं मूल अजून बारा-चौदाचं असेल, तर मुद्दाम बसा जवळ. तुमच्या हातात वेळ आहे. माझ्या हातात तेव्हा नव्हता.

आपली पालकसभा कशाचीही असो, फीची असो की स्नेहसंमेलनाची, शेवटी चहाच्या वेळी कुणीतरी हळूच विचारतंच, "पण आमच्या माघारी याचं काय?" मग सगळे गप्प होतात. नुसत्या कपबशा वाजत राहतात. मीही हा प्रश्न पुष्कळ वर्षं विचारला. रात्री दोनला, छताकडे बघत. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही, एवढं आता कळलंय. पहिला प्रश्न असा: आमच्या देखत याचं काय चाललंय? माझ्या माघारी जे व्हावं असं मला वाटतं, त्यातलं आज माझ्या डोळ्यांसमोर किती घडतंय?

आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न एवढा टोचला नसेल, कारण अशी मुलं फार जगतच नसत. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की 1983 साली डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य 25 वर्षांच्या आसपास होतं. आता ते 60 च्या घरात आहे. जन्मतः हृदयात असणाऱ्या दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, औषधं आली, मुलं संस्थांत टाकून देणं कमी झालं. आपल्याकडेही पालकसभेत पंचाहत्तरीचे वडील आणि चाळिशीचा मुलगा शेजारी शेजारी बसलेले दिसतात. आपलं मूल आपल्या मागे पंचवीस-तीस वर्षं जगेल असं धरूनच चालायला हवं. ही खरं तर चांगली बातमी. आपल्या काळजाचं पाणी होतं, ते एवढ्या लांबच्या आयुष्याची आपण काहीच तयारी केलेली नसते म्हणून.

तयारीतलं पहिलं काम बिनखर्चाचं आहे. त्याला 'बाळ' म्हणणं सोडायचं. आमच्याकडे नाव 'दादा' असलं, तरी वागणूक बाळाचीच होती. विसाव्या वर्षी मी त्याचा वरणभात कालवून देत होते. पाहुणे त्याच्यासमोर मला विचारायचे, "याला लाडू चालतो का हो?" आणि मीच उत्तर द्यायचे. त्याची दाढी त्याचे बाबा घरीच करायचे, आरशाशिवाय, पाटावर बसवून. एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, त्याला सलूनमध्ये न्या की. तुम्ही जाताच ना." नेलं. खुर्चीत बसवून, गळ्याभोवती कापड बांधून कारागिराने त्यालाच विचारलं, "काय साहेब, मिशी ठेवायची का काढायची?" दादाने बराच वेळ आरशात पाहिलं आणि म्हणाला, "ठेव." माझ्या किंवा बाबांच्या तोंडाकडे न बघता घेतलेला त्याचा हा पहिला निर्णय. मिशी काही फार शोभत नाही. पण आहे.

मग चहा. आपण लिहायला-वाचायला शिकवण्यात दहा-पंधरा वर्षं घालवतो आणि चहा शिकवायचा राहून जातो. दादाला चहा शिकवायला मला सात महिने लागले. पातेल्याला आतून पाण्याची रेघ मारली, माझ्या लाल नेलपॉलिशने. साखरेच्या डब्यात एकच चमचा ठेवला आणि डब्यावर दोन टिकल्या चिकटवल्या, म्हणजे दोन चमचे. लायटरची भीती जायला दोन महिने. दूध दोन-चार डझन वेळा उतू गेलं. एकदा साखरेऐवजी मीठ पडलं आणि बाबांनी तो चहा निमूट पिऊन टाकला. ती बाबांची चूक होती, कारण मग दादाला कळलंच नाही. चुका झाकू नका. त्याचा चहा खारट झाला, तर तो त्याला स्वतःला पिऊ द्या.

पैसेही तसेच. दहाच्या पुढे दादाला मोजता येत नाही. पण नोटांचे रंग येतात: चॉकलेटी दहाची, निळी पन्नासची, जांभळी शंभरची. जांभळी नोट दिली की थांबायचं, परत पैसे घेतल्याशिवाय निघायचं नाही, एवढा एकच नियम. त्या नियमावर तो आज दूध-पाव आणतो.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल, 'आमचं मूल उठून बसतही नाही, चहाचं काय सांगता?' मला ठाऊक आहे. पण निवड तिथेही असते. लाल शर्ट की पिवळा, हे दोन्ही समोर धरून विचारा आणि नजर कुणाकडे वळते ते बघा. रेडिओ हवा की बंद? घास आधी भाजीचा की आमटीचा? उत्तराला दोन मिनिटं लागतील, तेवढी द्या. मोठेपण म्हणजे सगळं स्वतः करणं नव्हे, धडधाकट शरीराच्या माणसालाही ते कुठे जमतं. आपल्या बाबतीत कुणीतरी आपल्याला विचारावं, हे मोठेपण.

शरीराचं बोलणं आपण टाळतो. बुद्धी आठ वर्षांची असली, तरी शरीर कॅलेंडरप्रमाणेच वाढतं. मुलींना पाळी येते, मुलांना रात्री अंथरूण ओलं झालेलं दिसतं आणि ते घाबरतात. दादा लहानपणी येईल त्याला मिठी मारायचा, सगळ्यांना कौतुक वाटायचं. सोळाव्या वर्षी तीच मिठी शेजारच्या बाईंना नकोशी झाली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. त्याला आम्ही घरच्या चार माणसांना मिठी आणि बाकी सगळ्यांना नमस्कार, असं वर्षभर घोकून शिकवलं. जे खासगी आहे ते स्वतःच्या खोलीत, दार लावून. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. आणि त्याच्या अंगाला कुणी न विचारता हात लावला, तर मोठ्यांदा 'नाही' म्हणायचं. हे दहाव्या वर्षापासून शिकवा, अठराव्या नव्हे.

मुलींच्या आयांना आणखी एक सांगते. 1994 साली शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही या कारणाने. त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं होतं. आजही नातेवाईक आईच्या कानाशी लागतात, "काढूनच टाक ना." एक ध्यानात ठेवा, गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही, उलट तो उघडकीला यायची एक वाट बंद होते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या चंडीगढच्या एका तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. तिच्या शरीराबद्दल तिला विचारायला हवं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. घराने मान्य करायला काय हरकत आहे?

अठराव्या वाढदिवसाचा केक आपण कापतो, पण त्या दिवशी कायद्याने काय बदलतं ते आपल्याला माहीत नसतं. मला ते बँकेच्या काउंटरवर कळलं. दादाचं खातं अज्ञान मुलाचं, त्यावर माझी सही. अठरा झाल्यावर एक दिवस पैसे काढायला गेले, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "आता तुमची सही चालायची नाही. त्याची आणा." मी म्हटलं, "अहो, मी त्याची आई आहे." ते म्हणाले, "बाई, आई आहात, पण पालक नाही." तो माणूस वाईट नव्हता. कायदा तसाच आहे. मूल सज्ञान झालं की दिव्यांग असो वा नसो, आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं.

त्यावर वाट आहे. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता, या चार गटांतल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशासाठी. हा 'कशासाठी' फार मोलाचा आहे. पालकत्व म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवणं नव्हे. पालक नेमला गेला की सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि पुढे दर वर्षी हिशेब. उद्या आपल्या जागी भाऊ किंवा मावशी पालक झाली, तरी तिला हा हिशेब चुकणार नाही. मला यातच मोठा दिलासा वाटतो.

आणि ज्यांची मुलं अंध, कर्णबधिर किंवा फक्त चालू न शकणारी आहेत, त्यांनी पालकत्वाच्या मागे लागूच नये. त्यांची मुलं सज्ञान नागरिक आहेत, बस्स. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. तोसुद्धा निर्णय काढून घेण्यापेक्षा, गरजेपुरते, विश्वासाने, दोघांनी मिळून घेण्याची भाषा करतो.

कागदांचं थोडक्यात सांगते. दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड अठरानंतर अद्ययावत करून घ्या. वर सांगितलेल्या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामया आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंतचा, आधी वैद्यकीय तपासणीची अट नसलेला. सरकारी नोकरीत असाल, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आपल्यामागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याची नोंद निवृत्तीच्या आधीच, आपण स्वतः कार्यालयात उभे असताना करा. आणि 'सगळं मोठ्याच्या नावावर करते, तो धाकट्याला बघेल' असं करू नका. मोठा चांगला असेल, पण त्याच्यावरही उद्या कर्ज, आजारपण, घटस्फोट येऊ शकतो. चांगला वकील गाठून मृत्युपत्र करा, जमलं तर मुलासाठी खासगी ट्रस्ट करा.

डॉक्टरही आत्ताच बदला. दादाचे बालरोगतज्ज्ञ त्याला जन्मापासून ओळखत होते, म्हणून बाविसाव्या वर्षापर्यंत आम्ही कार्टूनच्या चित्रांखाली रांगेत बसत होतो. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं, चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशही लवकर गाठू शकतो. मोठ्यांचा डॉक्टर, वर्षातून एकदा रक्ततपासणी, आणि डॉक्टरांना विनंती की आधी दादाला विचारा, मग मला.

आता काम. त्या पायरीवरच्या दादाला गाडी नको होती, कुठेतरी जायचं होतं. सकाळी उठून कुठे जायचं नसलं, की धडधाकट माणूसही सहा महिन्यांत खचतो. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. मिळालं तर उत्तमच. पण दादाला काम दिलं ते आमच्या वाण्याने. सकाळी दोन तास पोहे-रवा पिशव्यांत भरायचा, वजन ते करतात, तोंड हा चिकटवतो. दुपारी कार्यशाळा. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा आहे, तिथे अशी मुलंमुली दिवाळीचे आकाशकंदील आणि पणत्या बनवतात. तुमच्या गावात कार्यशाळा नसेल, तर चार पालक मिळून एका खोलीत सुरू करा. डोंबिवलीजवळ खोणी गावातलं घरकुल उभं केलं ते अमेय पालक संघटनेने. नावातच पालक आहेत. कोळवणच्या साधना व्हिलेजमध्ये 1994 पासून प्रौढ दिव्यांग माणसं घरासारखी राहतात. अशी ठिकाणं आत्ता बघून या, मुलाला घेऊन. आपण गेल्यावर, रडणाऱ्या मुलाला कुणीतरी अनोळखी गेटमधून आत सोडावं, यापेक्षा आपल्याच हाताने चार दिवस राहायला सोडून यावं आणि पाचव्या दिवशी घेऊन यावं, हे बरं.

भावंडांना विचारा, गृहीत धरू नका. माझी लेक बावीसची असताना मी सहज म्हणाले, "तू आहेस ना त्याला." ती म्हणाली, "आई, मी आहे. पण तू मला कधी विचारलंस?" त्या रात्री आम्ही दोघी पहिल्यांदा खरं बोललो. तिने सांगितलं, मी रोजचं नाही करू शकणार, पण कायदेशीर पालक होईन आणि महिन्यातून एकदा येईन. हे 'मी आहे ना'पेक्षा किती तरी भक्कम आहे. मतदानालाही तीच घेऊन गेली त्याला. न्यायालयाने कुणाला तसं अधिकृतपणे ठरवल्याशिवाय बौद्धिक दिव्यांगत्वाच्या कारणाने मत नाकारता येत नाही, हे तिने वाचलं होतं. शाईचं बोट दादाने आठवडाभर सगळ्यांना दाखवलं. अंघोळीच्या वेळी ते पाण्याबाहेर धरायचा.

शेवटची एक गोष्ट. मी एक वही केलीय, दोनशे पानी. त्यात औषधं, डॉक्टरांचे नंबर आणि मग बाकीचं: पंखा रात्रभर लागतो, वीज कडाडली की पलंगाखाली जातो, तिथे त्याला राहू द्या, चिडला तर जवळ घेऊ नका, पायरीवर बसू द्या, आपणहून येतो. वही पुरी झाली असं वाटलं, तेव्हा माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. सहा दिवस मी दवाखान्यात, हे माझ्याजवळ, आणि घरी माझी बहीण वही घेऊन. ही आमच्या माघारीची रंगीत तालीमच होती, फक्त आम्ही फोनवर हजर होतो. बहिणीने रोज फोन केला. अंघोळीनंतर तो दार उघडत नाही, काय करू? कार्यशाळेची बस चुकली तर कुणाला सांगायचं? "उद्या आई येईल का" याला काय उत्तर देऊ? या तिन्हींतलं एकही वहीत नव्हतं. घरी आल्यावर पहिली दोन लिहून टाकली. तिसऱ्याचं पान अजून कोरंच आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी दादाने मला चहा आणून दिला. कप माझ्या हातात दिला, पिशवी खांद्याला लावली, "उशीर होतोय," म्हणाला आणि पोह्यांच्या कामावर निघाला. चहात साखर घालायची राहिली होती. सांगायला हाक मारणार होते, पण तो फाटकाबाहेर पडला होता.